मधली पन्नी

वैशाख लागला की तहसील कचेरीसमोरचे आमचे पत्र्याचे शेड बोलू लागते. सकाळी नवाच्या सुमारास पहिला 'टक्' होतो. दहाला दोनतीन. अकरा वाजता पत्रा पुरता ताणला जातो आणि मग खिळ्याखिळ्यातून जी टकटक सुरू होते ती ऊन कलेपर्यंत थांबत नाही. शेजारच्या टेबलावर मुद्रांक विकणारे दत्तराव दरवर्षी न चुकता म्हणतात, "मुन्शी, पत्र्याला दात यायलेत बगा." यंदाही ते म्हणाले. यंदाही कडुलिंबाचा वाळका मोहोर वावटळीबरोबर आत आला आणि माझ्या कोऱ्या कागदांवर पसरला, रसवंतीचे घुंगरू वाजू लागले, माठाखालच्या ओल्या वाळूचा गार वास उठला. मला मात्र यांतले काहीच गोड लागले नाही. गेल्या वैशाखात याच टकटकीखाली मी एका बाईची नोकरी घालवली. तीस वर्षे मी दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहीत आलो. हे माझे स्वतःचे आहे, आणि ते लिहिण्यास मला वर्ष लागले.

मी अर्जनवीस. हा शब्द निजामाच्या अमलापासून आमच्या मुलखात आहे आणि त्याला वजन आहे. जिंतूरच्या बाजारात मला नावाने कोणी हाक मारीत नाही. 'मुन्शीजी' म्हणतात, आणि तीच माझी पदवी. शाळेची पदवी म्हणाल तर दहावीला गणिताचा पेपर आडवा आला आणि शिक्षण तिथेच थांबले. परंतु 'सविनय सादर' कोठे लिहावे आणि 'सविनय निवेदन' कोठे, हे या आवारात माझ्याइतके कोणास कळत नाही, असे मी मानीत आलो आणि लोकही मानीत आले. रडत आलेला माणूस माझ्यासमोर बसतो, त्याचे रडणे मी चार परिच्छेदांत बसवतो, आणि तो उठतो तेव्हा त्याच्या हातात कचेरीला समजेल असे काही तरी असते. या कामाचा मला गर्व होता. तो मी लपवीत नाही.

सगळे अर्ज यंत्रातून जाऊ लागले तेव्हा मी दोन वर्षे हट्टाने लेखणी धरून बसलो. समोर रस्त्यापलीकडे फॉर्म भरण्याची केंद्रे उघडली. काचेचे दार, आत कूलर, खुर्च्यांच्या रांगा. माझ्यापुढची माणसे उठून तिकडे जाऊ लागली आणि जाताना माझ्याकडे पाहणे टाळू लागली. ते टाळणे मला फार लागले. शेवटी मी परभणीहून एक वापरलेला संगणक आणला आणि टेबलाच्या उजव्या अंगाला, जिथे पूर्वी माझा दौतीचा चौरंग असे तिथे, तो मांडला. चार बोटांनी टंकायला शिकलो. लोक परत येऊ लागले. पण त्या यंत्राशी माझे कधी मन जुळले नाही. लेखणी उन्हाने बंद पडत नसते.

यंत्र पडत असे. गेल्या वर्षीच्या चैत्रात ते भर दुपारी एकाएकी काळे पडू लागले. पडद्यावर अर्ज अर्धा भरलेला, आणि पाहता पाहता काळोख. आतला पंखा एवढा घोंघावे की दत्तरावांना आपला आवाज चढवावा लागे. एकदा ते खिशातला कांदा काढून माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ऊन लागलंय त्याला. फोडून हुंगवा."

"तुम्ही आपले मुद्रांक सांभाळा," मी म्हणालो.

"तसं न्हाई मुन्शी, माझ्या मेव्हण्याला असंच व्हायचं. चालता चालता आडवा. कांद्यानं उठला."

सारे शेड हसले. मीही हसलो असतो, पण समोर पाचसहा माणसे ताटकळत होती आणि त्यांतला एक जण रस्त्यापलीकडच्या काचेच्या दाराकडे पाहू लागला होता.

मी अकबरभाईंना बोलावले. अकबरभाई म्हणजे बसस्थानकाच्या वळणावरचे घडीसाज. घड्याळे लोकांच्या मनगटांवरून गेली तसे ते मोबाइलकडे आणि मग संगणकांकडे वळले, पण डोळ्याला लावायचे भिंग त्यांनी सोडले नाही. त्यांनी कॅबिनेटचे झाकण काढले, पंखा उचलला, पंख्याखालचा पट्ट्यापट्ट्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा हलक्या हाताने पिरगाळून सोडवला. खाली प्रोसेसर होता, तळहातात मावेल असा चौकोनी तुकडा, आणि त्याच्यावर खपली धरलेल्या चुन्यासारखे काही तरी करडे.

"मुन्शीजी, इसका मलम सूख गया," ते म्हणाले. "सारा हिसाब ये छोटा करता, गरम भी येइच होता. ऊपरवाला ठोकळा इसकी गरमी खींचता, पंखा उसकू बाहर फेंकता. मगर दोनों के बीच में मलम होना."

"दोन्ही धातूच आहेत. गुळगुळीत आहेत. एकमेकांवर घट्ट बसले तर मलम कशाला?"

त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावले. "देखो."

मी पाहिले. जे आरशासारखे दिसत होते ते नांगरलेल्या रानासारखे निघाले. रेघा, खळगे, उंचवटे. "ऐसे दो खेत एक के ऊपर एक रखे तो कित्ता चिपकते? बीच में हवा बैठती. हवा गरमी को जाने नई देती. मलम हवा को उठाके खुद बैठता." मग त्यांनी इंजेक्शनसारख्या नळीतून करड्या मलमाचा एक थेंब मधोमध ठेवला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. मी म्हणालो, आणखी थोडे घाला, कंजुषी कशाला. "नक्को. ज्यादा लगाए तो वोइच दीवार बन जाता. पतला होना, बस. दोनों में है, ऐसा मालूम भी नई होना."

बाजूच्या लहान चिपांवर मात्र त्यांनी मलम लावले नाही. तिथे फट मोठी असते, म्हणून एका मऊ, चिवट, रबरासारख्या चकतीचे तुकडे कापून बसवले. त्याला ते पॅड म्हणत. उरलेला तुकडा त्यांनी पाकिटात घालून मला दिला. "ये रखो. छोटों के वास्ते है, बड़े को नक्को लगाना." दुसऱ्या दिवशी ते भाचीच्या लग्नासाठी हैदराबादला निघून गेले.

दुरुस्ती झाली त्या संध्याकाळी मी शेडमध्ये उशिरापर्यंत बसून राहिलो. यंत्र न घोंघावता चालले होते, आवारातली धूळ खाली बसत होती, आणि माझ्या मनात एक विचार आला जो मला फार आवडला. एका बाजूस तापलेला माणूस, दुसऱ्या बाजूस थंड कचेरी. दोन्ही आपापल्या जागी सरळ, पण एकमेकांवर ठेवले तर मध्ये नुसती हवा. ते मध्ये बसणारे मलम म्हणजे मी. मी हे दत्तरावांना ऐकवले. ते विडी विझवीत म्हणाले, "मलम म्हणा, पण झेंडू बाम न्हाई ना?" मला राग आला. आज वाटते, अकबरभाईंच्या वाक्यातला अर्धाच भाग मी उचलला होता. पातळ असावे, असल्याचे कळूही नये, हा भाग मी सोडून दिला होता.

आता शेवंताविषयी. ती येलदरीच्या धरणाकाठच्या गावची. नवरा धरणात मासे धरीत असे. तो गेला तेव्हा पदरात दीड वर्षाची मुलगी. सासऱ्याने तिला माझ्यासमोर आणून बसवले होते, कोणत्या तरी मदतीच्या अर्जासाठी. तिचे अक्षर पाहून मीच म्हणालो की हिला नर्सिंगच्या प्रशिक्षणाला घाला, आणि त्याचा अर्ज मीच लिहिला. ती शिकली. माशांच्या वासाच्या घरातून स्पिरिटच्या वासाच्या घरात गेली, असे ती हसून सांगे. गेल्या वर्षी आरोग्यसेविकांच्या जागा निघाल्या. तिची वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. पुढच्या जाहिरातीत ती बसणार नव्हती. कोठलाही कागद हरवला तर दुसरा मिळतो, मुदत हुकली तर पुढची येते, पण वय तसे नाही. हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी एक कृत्य केले. यंत्रात धूळ बसली होती. उद्या गर्दी होईल, यंत्र स्वच्छ असावे म्हणून मी झाकण उघडले. अकबरभाईंनी उचलला तसाच पंखा उचलला, ठोकळाही सोडवला. प्रोसेसरवर ते करडे मलम फराटा ओढल्यासारखे पसरलेले. मी कागदाचा माणूस. डाग मला सहन होत नाही. मी ते कापसाने पुसले, चकचकीत होईपर्यंत पुसले, आणि पुसून झाल्यावर मला कळले की आपण काय केले.

मलमाची नळी अकबरभाईंबरोबर हैदराबादला होती. परभणीस माणूस पाठवावा तर दिवस मावळला होता. सकाळी खणात ते पाकीट सापडले, आणि मला वाटले, सुटलो. पॅड हा शब्दच मला ओळखीचा. शिक्क्याचा पॅड, लिहिण्याचा पॅड, परीक्षेचा पॅड. नळीतल्या चिकट मलमापेक्षा ही नीटस चकती मला अधिक सभ्य वाटली. 'छोटों के वास्ते' हे मला आठवत नव्हते असे नाही. पण मोठ्यासाठी मोठा तुकडा कापला की झाले, असा मी त्याचा अर्थ लावला.

शेवंता पहिल्या बसने आली होती. कागदांची पिशवी मांडीवर ठेवून समोरच्या बाकावर बसली होती. मी कात्रीने चौकोन कापला. खालच्या बाजूची प्लास्टिकची पातळ पन्नी सोलली आणि पॅड प्रोसेसरवर चिकटवला. वरच्या बाजूलाही तशीच निळसर पन्नी होती. ती मी राहू दिली.

का राहू दिली, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे पन्नी कोणी काढीत नाही. माझ्या घरच्या फ्रीजच्या दाराची पन्नी सहा वर्षांची आहे. टीव्हीच्या रिमोटवर पन्नी, मोटारसायकलच्या सीटवर पन्नी, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर पन्नी. मुलाने परीक्षेत मिळवलेल्या ढालीवरही पन्नी आहे आणि तिच्यातून त्याचे नाव धूसर दिसते. पन्नी काढणे म्हणजे वस्तूचे नवेपण आपल्या हाताने संपवणे. शिवाय माझा धंदाच असा की महत्त्वाच्या कागदाला मी लोकांना आधी लॅमिनेशन करायला सांगतो. जे मोलाचे ते झाकावे, हे माझ्या हाडात आहे.

"काका, वरचा बी कागद निघतो काय त्याचा?" शेवंताने विचारले.

"कागद नाही तो. कव्हर आहे."

"आमी पट्टी लावताना मागचा कागद पुरा काढतो, म्हणून म्हणलं. न्हाई काढला तर औषध कातडीला लागतच न्हाई."

समोर आठदहा माणसे होती. त्यांच्यादेखत एक बाई, जिचा पहिला अर्ज मी लिहिला, मला विचारीत होती. मी मान वर केली. "शेवंता, हा दवाखाना आहे का? तुला सुया टोचायला शिकवलंय, त्या टोच. हे मला शिकवू नको."

दत्तराव म्हणाले, "बसा सिस्टर. मुन्शीला शिकवायला गेलेला मास्तर बी नापास हून आलाय."

लोक हसले. ती पदराने घाम टिपून गप्प बसली. मी पन्नीवर ठोकळा दाबला आणि स्क्रू पिळले.

त्या दिवसाचे ऊन मला अजून दिसते. आवारातली कुत्री माठाखालच्या ओल्या वाळूत पोट घालून पडली होती. टेबलाच्या लोखंडी कडेला कोपर टेकवता येत नव्हते. शिक्क्याचा पॅड वाळून भेगाळला होता. यंत्र सुरू झाले. नाव, वडिलांचे नाव, पतीचे नाव, जन्मतारीख. मोबाइलवर आलेला आकडा तिने वाचून दाखवला, मी टंकला. शिक्षण, नोंदणी क्रमांक, पत्ता. चौथ्या पानावर छायाचित्र चढवायचे असते. ते चढू लागले आणि पडदा काळा झाला.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा नाव, पुन्हा वडिलांचे नाव. पुन्हा चौथे पान, पुन्हा काळोख. तिसऱ्यांदा दत्तरावांनी आपला ओला टॉवेल कॅबिनेटवर टाकला. चौथ्यांदा मी उघड्या कॅबिनेटला विंझण्याने वारा घालू लागलो आणि एका हाताने टंकू लागलो. आत हात नेला तर ठोकळा गार होता. मला तेव्हा बरे वाटले की ठोकळा गार आहे, म्हणजे यंत्र तापलेले नाही. खालचा जीव होरपळत होता आणि त्याची झळ वर पोचतच नव्हती म्हणून वरचा गार होता, हे मला कळायला हवे होते. माझ्या साऱ्या धंद्याचा अनुभव तोच आहे.

दुपारी दोनच्या सुमारास ती हळूच म्हणाली, "काका, समोरच्या केंद्रात बघू का? तिथं लोकांचे व्हायलेत."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"हाय की."

ती 'हाय की' म्हणाली आणि पुन्हा बाकावर बसली. मी तिला अडवले नाही, असे म्हणता येईल. मी फक्त एक प्रश्न विचारला. पण जिच्या आयुष्याचा पहिला चांगला कागद माझ्या हातून निघाला होता तिला तो प्रश्न विचारणे म्हणजे काय, हे मला पक्के ठाऊक होते, आणि ठाऊक होते म्हणूनच मी तो विचारला.

मुदत सायंकाळी सहाची. पावणेसहाला मी म्हणालो, जा. ती पिशवी छातीशी धरून रस्ता ओलांडून पळाली. काचेच्या दाराबाहेर रांग पायऱ्या उतरून रस्त्यावर आली होती. मी शेडमधून पाहत होतो. रांग दोन माणसांनी सरकली, तीन माणसांनी सरकली. मग सहा वाजले. आतले दिवे तसेच राहिले आणि माणसे मोकळ्या हातांनी बाहेर येऊ लागली. ती परत आली ती धावत नाही, चालत. तिने माठाकडे पाहिलेही नाही.

"सर्व्हर डाऊन होता बाई," मी म्हणालो. "सगळीकडे हीच बोंब."

रस्त्यापलीकडून दोन मुली छापलेल्या पावत्यांनी वारा घेत चालल्या होत्या. शेवंताने त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "शेवटची बस साडेसहाची हाय. निघते."

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून घेतले आणि मुदतवाढीचा विनंतीअर्ज लिहिला. तो माझ्या हयातीतला सर्वोत्तम अर्ज आहे, हे मी आजही म्हणेन. त्यात तिचे वैधव्य होते, मुलगी होती, धरणाकाठचे गाव होते. आणि मधोमध एक वाक्य होते: 'तांत्रिक अडचणीमुळे अर्जदाराचा अर्ज विहित मुदतीत सादर होऊ शकला नाही.' मी बोट ठेवले तिथे तिने सही केली. महिन्याभराने दोन ओळींचे उत्तर आले की विचार करता येणार नाही. मी कचेऱ्यांना भरपूर शिव्या दिल्या. तिने उत्तराची घडी घालून पिशवीत ठेवली.

पण ते उत्तर येण्याआधीच अकबरभाई हैदराबादहून परतले होते. मी यंत्र त्यांच्या दुकानात नेले. त्यांनी ठोकळा सोडवला, भिंग लावले, आणि चिमट्याने ती पन्नी सोलून उजेडात धरली. मधोमध ती करपून सुरकुतली होती.

"ये कौन छोड़ा?"

मी पन्नी त्यांच्या चिमट्यातून काढून घेतली.

"मुन्शीजी, रजाई ओढाके बुखार उतारते क्या? और बड़े को पॅड नक्को बोला था ना मैं?" ते हसू लागले. मग माझा चेहरा पाहून थांबले. "कुछ नुकसान तो नई हुआ ना?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मलमाचा थेंब ठेवला. यंत्र त्या दिवसापासून आजतागायत एकदाही बंद पडलेले नाही.

तेव्हापासून मी ते एक वाक्य पुष्कळदा मनाशी उलगडून पाहिले आहे. 'सादर होऊ शकला नाही.' या वाक्यात कर्ता नाही. तीस वर्षांत मी अशी हजारो वाक्ये लिहिली. नोंद झाली नाही, नाव गहाळ झाले, संचिका आढळून आली नाही. कोणी नोंद केली नाही, कोणी गहाळ केले, हे आम्ही कधी लिहीत नाही. कचेरी तसेच लिहिते आणि आम्हीही कचेरीला तसेच लिहितो. तिला तीच भाषा समजते असे आम्ही सांगतो. मला वाटत असे की मी लोकांचा चटका कचेरीपर्यंत पोचवतो. माझी ती सुबक, गुळगुळीत, चकचकीत मराठी वाचून कोणत्या साहेबाला कधी चटका बसला असेल, असे आता मला वाटत नाही. साहेबांनी माझ्या भाषेची तारीफ केलेली आहे. तारीफ करून अर्ज बाजूला ठेवलेला आहे.

आणि मी वर्षभर गप्प राहिलो. शेवंता जिंतूरातच एका खाजगी दवाखान्यात लागली. बाजारात दिसे. पांढरा ॲप्रन, हातात डबा. ती 'काका' म्हणून थांबे, मी घाईत असल्यासारखा पुढे जाई. रस्त्यापलीकडे जाणारी माणसे माझ्याकडे पाहणे टाळीत ते मला लागे, हे वर लिहिले आहे. आता मी तेच करीत होतो.

परवा ती शेडमध्ये आली. मुलीला वसतिगृहात घालायचे होते आणि त्याचा अर्ज हातानेच लिहून द्यायचा असतो. दुपारची वेळ. दत्तराव टेबलावर डोके ठेवून पेंगत होते. मी कागद ओढला, समास आखला, आणि लेखणी तशीच धरून म्हणालो, "शेवंता, गेल्या वर्षी सर्व्हर बंद नव्हता. ती पन्नी तशीच राहिली... नाही. मी ती तशी ठेवली. तुझा अर्ज मी बुडवला."

हे बोलताना मी तिच्याकडे पाहत नव्हतो. दत्तरावांचे घोरणे थांबले होते.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी समोरच हुते की." मग म्हणाली, "ट्रेनिंगला शिकवलेलं हाय काका. चूक दिसली तर मोठा डाक्टर असला तरी सांगायचं. न्हाई ऐकलं तर परत सांगायचं. मी एकदाच सांगितलं. तुमी डोळे मोठे केले, लोक हसले, मी गप बसले."

"तू एकदा सांगितलंस तेच पुष्कळ होतं. चूक माझी."

"तुमची तर हायच," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पर नोकरी माझी गेली ना."

मी खाली मान घालून अर्ज लिहू लागलो. मुलीचे नाव, इयत्ता, गाव. ती ओणवी होऊन पाहत होती.

"काका, रोहिणीतल्या 'हि'ला पहिली वेलांटी हाय. तुमी दुसरी दिली."

"चालते तशी. उच्चार तसाच आहे." हे माझ्या तोंडून आपोआप गेले.

"न्हाई चालत. पहिली हाय. दाखल्यावर पहिली, आधारला पहिली. बदला ते."

मी तो कागद फाडला आणि नवा घेतला. लिहून झाल्यावर नेहमीप्रमाणे तळाशी बोट ठेवून लेखणी तिच्यापुढे केली. तीस वर्षांत त्या बोटाजवळ लोकांनी डोळे मिटून सह्या केल्या, अंगठे उठवले. तिने लेखणी घेतली नाही. कागद आपल्याकडे फिरवला आणि पहिल्या ओळीपासून, शब्दाशब्दाखाली नख फिरवीत, सगळा वाचू लागली.